लॅपटॉपवर वाय-फाय 'कनेक्टेड' दिसतंय, तरी नेट का चालत नाही? बिघाड शोधायची सोपी पद्धत

मुंबई-नाशिक महामार्गाजवळचं मानकोली. गोदामाच्या दारात ट्रक भरून उभा आहे. माल निघायला फक्त एक कागद हवाय, ई-वे बिलाचा. ऑफिसमधल्या लॅपटॉपवर मात्र पेज नुसतं गोल गोल फिरतंय. गंमत म्हणजे वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं आहे आणि खाली 'कनेक्टेड' असंही लिहिलंय.

मग ठरलेले उपाय सुरू होतात. कुणी लॅपटॉप बंद करून चालू करतं, कुणी राउटरचं बटण दाबतं, कुणी केबलवाल्याला फोन लावतं. कधी जमतं, कधी नाही. नेमकं कशामुळे जमलं हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

खरं तर लॅपटॉप वाय-फायला जोडला जाताना चार टप्पे पार पडतात. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणि राउटरच्या दिव्यांवर दिसत असतं. ते वाचता आलं की निम्मं काम झालं.

भिवंडीत यावर एवढं काय अडतं?

भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांचं शहर अशी. गेल्या काही दशकांत तिच्या जोडीला दुसरी ओळख आली, गोदामांची. मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडा, वळ या गावांच्या परिसरात मोठमोठी गोदामं उभी राहिली. मुंबई आणि ठाण्यात ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू इथूनच निघतात.

हा सगळा माल हलतो तो ऑनलाइन नोंदींवर. जीएसटी आल्यानंतर १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागू झालं. मे २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या आतल्या वाहतुकीलाही ते लागू झालं. पुढे राज्यातल्या वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. बिल नसेल तर रस्त्यात माल आणि गाडी दोन्ही अडवली जाऊ शकतात.

त्यामुळे इथे नेट बंद पडलं की फक्त रील थांबत नाही, गाडीही थांबते. कामतघर किंवा पद्मानगरच्या घरातून ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याचं वेगळं नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला नेट गेलं तर वर्ष जातं.

'कनेक्ट होणं' म्हणजे नेमकं काय?

वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा गोंधळ इथेच होतो.

वाय-फाय म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला बिनतारी दुवा. रेडिओ लहरींवर चालणारा, काही मीटरचा. इंटरनेट येतं ते राउटरच्या पुढे, भिंतीतून आलेल्या फायबरच्या किंवा केबलच्या तारेतून. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं पंख्यासारखं चिन्ह फक्त पहिल्या दुव्याची ताकद दाखवतं. म्हणजे बाहेरची तार तुटलेली असली तरी चिन्ह पूर्ण भरलेलं दिसू शकतं.

जोडणीचे चार टप्पे असे:

१. नाव दिसणं. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा छोटा संदेश हवेत सोडतो. लॅपटॉप तो ऐकतो आणि नेटवर्कचं नाव यादीत दाखवतो.

२. पासवर्ड जुळणं. तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा तो जसाच्या तसा हवेतून जात नाही. लॅपटॉप आणि राउटर चार संदेशांची देवाणघेवाण करून एकमेकांना पासवर्ड माहीत आहे याची खात्री करतात आणि त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली तयार करतात. पुढचं सगळं बोलणं या किल्लीने कुलूपबंद होतं.

३. पत्ता मिळणं. राउटर लॅपटॉपला एक आयपी पत्ता देतो. घरगुती राउटरवर तो बहुतेक वेळा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. या पत्त्यावरूनच राउटरला कळतं की कोणती माहिती कोणत्या उपकरणाला द्यायची.

४. बाहेरचा रस्ता. आता राउटर तुमची मागणी इंटरनेट कंपनीकडे पाठवतो. तिथे आधी वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांमधला पत्ता शोधला जातो. हे काम करणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. पत्ता सापडला की पेज उघडतं.

पहिले तीन टप्पे पार पडले की लॅपटॉप 'कनेक्टेड' म्हणतो. चौथा अडला की पेज फिरत राहतं.

पहिल्यांदा जोडताना काय करायचं?

विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीच्या उजव्या टोकाला वाय-फाय, आवाज आणि बॅटरीची चिन्हं एकत्र असतात. त्यावर क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते. तिथल्या वाय-फायच्या बटणाशेजारचा बाण दाबला की आसपासची नेटवर्क दिसतात. आपलं नाव निवडा, 'कनेक्ट' दाबा, पासवर्ड टाका. विंडोज १० मध्ये वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की थेट यादी येते. मॅकबुक आणि उबुंटूवर हेच चिन्ह वरच्या पट्टीत उजवीकडे असतं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. पासवर्डमध्ये इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे कॅप्स लॉक बघून घ्या. पासवर्ड बदललेला नसेल तर तो राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. 'आपोआप कनेक्ट व्हा' हा पर्याय फक्त घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कसाठी ठेवा.

कुठे अडलंय ते कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी एक साधी चाचणी करा. मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडा. मोबाइलवर नेट चाललं, तर दोष बहुधा लॅपटॉपमध्ये आहे. मोबाइलवरही चाललं नाही, तर राउटर किंवा बाहेरच्या लाइनकडे बघा. या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीने लॅपटॉप फॉरमॅट करण्याचे कितीतरी खर्च वाचतात.

एकही नेटवर्क दिसत नसेल तर लॅपटॉपचं वाय-फाय बंद असण्याची शक्यता जास्त. 'एअरप्लेन मोड' सुरू आहे का बघा. अनेक लॅपटॉपवर कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कळ असते. चुकून तिच्यावर बोट पडलं की वाय-फाय बंद होतं. विंडोज नव्याने टाकल्यानंतर यादीच येत नसेल, तर वाय-फायचा ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेलनुसार तो उतरवता येतो. त्या वेळेपुरतं मोबाइलचं नेट यूएसबी केबलने लॅपटॉपला द्या.

शेजाऱ्यांची नावं दिसतात, पण आपलंच दिसत नाही, आणि मोबाइलला मात्र दिसतं? जुन्या लॅपटॉपमध्ये हे नेहमी होतं. बरेच राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ज्या लॅपटॉपच्या कार्डाला फक्त २.४ कळतं, त्याला ५ चं नेटवर्क दिसतच नाही. राउटरवर २.४ सुरू असल्याची खात्री करा.

पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नसेल तर बहुतेक वेळा लॅपटॉप जुना, साठवलेला पासवर्ड वापरत असतो. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या विभागात जतन केलेल्या नेटवर्कची यादी असते. तिथे आपल्या नावापुढे 'फर्गेट' दाबा आणि पासवर्ड नव्याने टाका. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेला असेल, तरी जुना लॅपटॉप अडतो. अशा वेळी राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडता येतो.

'कनेक्टेड' आहे, पण नेट नाही? मग पत्ता बघा. सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म उघडले की आयपी पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ सरळ आहे. राउटरने पत्ता दिला नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला. वाय-फाय बंद करून सुरू करा. न जमल्यास राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावा. ज्या ऑफिसमध्ये एका साध्या राउटरवर वीस-पंचवीस मोबाइल, सीसीटीव्ही आणि प्रिंटर लटकलेले असतात, तिथे हे वारंवार होतं, कारण छोट्या राउटरची उपकरणं सांभाळायची क्षमता मर्यादित असते.

पत्ता बरोबर आहे, तरी नेट नाही? आता उठून राउटरजवळ जा. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाहीये. एक तर तार तुटली आहे, नाही तर फार वाकली आहे. फायबरच्या तारेत काच असते, तिला कपाटाच्या मागे दाबून किंवा खिळ्याला गुंडाळून ठेवणं सोसत नाही. तार डब्यात नीट बसली आहे एवढं बघा आणि थेट कंपनीला फोन करा. लॅपटॉपवर डोकं आपटून काही उपयोग नाही. फोनवर 'नेट चालत नाही' असं सांगण्यापेक्षा 'एलओएस लाल आहे' असं सांगितलं तर समोरच्याला दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

दिवे सगळे हिरवे आहेत, व्हॉट्सॲप चालतंय, पण वेबसाइट उघडत नाहीत? मग डीएनएसवर शंका घ्यायला जागा आहे. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता टाकून बघता येतं. लॅपटॉपची तारीखही तपासा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुन्या लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग बँक किंवा सरकारी साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं सांगून उघडत नाहीत.

सगळं करून झालं तर शेवटचा उपाय 'नेटवर्क रिसेट'. तो साठवलेले सगळे पासवर्ड पुसतो. म्हणून आधी ते लिहून ठेवा.

पत्र्याची शेड आणि लोखंडी रॅक

रेडिओ लहरींचा सगळ्यात मोठा शत्रू धातू. लाकूड आणि पातळ भिंतींमधून त्या बऱ्यापैकी पार होतात. सिमेंटमध्ये कमजोर पडतात. धातूच्या पत्र्यावर आदळून मात्र परत फिरतात. भिवंडीच्या गोदामात छत पत्र्याचं, रॅक लोखंडाचे आणि छतापर्यंत माल रचलेला. यंत्रमागाच्या गाळ्यातही एकामागोमाग एक लोखंडी माग. पुढच्या केबिनमध्ये राउटर असेल तर मागच्या टोकाला सिग्नल गेला नाही यात नवल नाही. काल चालत होतं आणि आज नाही, याचं कारण मधल्या रॅकवर रात्री उतरलेला मालही असू शकतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण तिथे गर्दी फार. त्यात एकमेकांना न धडकणारे मार्ग फक्त तीन, १, ६ आणि ११. दाट वस्तीत एका इमारतीत तीस-चाळीस राउटर याच तीन मार्गांवर बोलत असतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंती ओलांडताना दमतो. राउटरच्या खोलीत बसला असाल तर ५ घ्या, दोन भिंती पलीकडे असाल तर २.४.

राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. उंचावर, मोकळ्या जागी, वापराच्या मध्यावर ठेवा. मोठ्या गोदामात एका राउटरचं काम नाही. लॅनची तार ओढून मध्ये आणखी एक-दोन ॲक्सेस पॉइंट लावणं हा खात्रीचा उपाय. आणि लॅपटॉप कायम एकाच टेबलावर असेल, तर त्याला सरळ तारच लावा.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद होतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते बघा, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी.

गाडी उभी आहे, नेट आत्ता हवंय

बिघाड नंतर शोधता येईल. आधी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. ई-वे बिलासारख्या साध्या पेजला फार डेटा लागत नाही. लॅपटॉपवर ते नेटवर्क 'मीटर्ड' म्हणून नोंदवा, म्हणजे विंडोजची मोठी अपडेट मोबाइलचा डेटा खाणार नाहीत. मोबाइलचं नेटवर्कही गोदामाच्या आत कमी पडत असेल तर मोबाइल दाराजवळ ठेवा आणि लॅपटॉप तिथे घेऊन जा.

सार्वजनिक वाय-फायचाही पर्याय असतो. रेलटेलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर वाय-फाय सुरू केलं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' योजनेला मंजुरी दिली. तिच्यात किराणा किंवा चहाचं दुकानही वाय-फाय विकू शकतं. अशा ठिकाणी जोडल्यावर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान येतं. ते आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये कुठलीही नवी साइट उघडून बघा. हे पान भरेपर्यंत लॅपटॉप 'कनेक्टेड' दिसेल, पण नेट चालणार नाही. इथे बिघाड काहीच नसतो, फक्त नोंदणी राहिलेली असते.

पासवर्ड नसलेलं वाय-फाय किती महागात पडतं?

हे समजायला भिवंडीपासून फार लांब जावं लागत नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. आयपी पत्त्याचा माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हतं. ईमेल त्याने पाठवला नव्हता, त्याचं नेटवर्क वापरून दुसऱ्याच कुणी पाठवला होता. तरीही चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचं उघड झालं. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या.

मुद्दा एवढाच की कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्या दारात. गोदामात रोज नवे ड्रायव्हर, हमाल, डिलिव्हरीवाले येतात, आणि त्यांनी वाय-फाय मागितलं तर नाही म्हणणंही बरं दिसत नाही. त्यासाठी बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. पाहुण्यांना ते द्या. हिशेबाचा लॅपटॉप आणि सीसीटीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवा. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवा, दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर नको. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. १९९७ ची डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. ती दिसली तर लगेच बदला.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

• मोबाइलवर त्याच वाय-फायने नेट चालतं का? चालतं, तर लॅपटॉप बघा. नाही, तर राउटर बघा.
• नाव दिसत नाही: एअरप्लेन मोड, वाय-फायची कळ, २.४ की ५.
• पासवर्ड घेत नाही: कॅप्स लॉक, मग 'फर्गेट' करून पुन्हा जोडा.
• पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: राउटर अर्धा मिनिट बंद करून लावा.
• एलओएस लाल आहे: लॅपटॉपला हात लावू नका, कंपनीला फोन करा.
• घाई आहे: आधी हॉटस्पॉट, दुरुस्ती नंतर.

आणि कनेक्शनचा ग्राहक क्रमांक व तक्रारीचा फोन नंबर एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवून ठेवा. नेट गेल्यावर तो नेटवर शोधता येत नाही.